मोरीचे पाणी

घरात पाणी किती येते ते आपण मोजतो. बाहेर किती जाते ते कोणी मोजत नाही. चला, आज मोजू.

2019 साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचे ठरले. घरात पाच माणसे, म्हणजे 275 लिटर. त्यातले सुमारे 220 लिटर मोरीतून बाहेर जाते. वीस लिटरचा हंडा धरा. रोज अकरा हंडे झाले! वैशाखात कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर बायाबापड्या एका हंड्यासाठी डोंगर उतरतात. आणि इकडे अकरा हंडे दारातल्या डबक्यात.

या पाण्यात असते काय? खरकटे, तेल, साबण, अंगाचा मळ. शिवाय डोळ्यांना न दिसणारे जंतू. 1854 साली लंडन शहरात एका आजारी तान्ह्या मुलाची दुपटी धुतली. ते पाणी घराच्या मैलाखड्ड्यात ओतले. विहीर तिथून जेमतेम तीन फुटांवर. खड्ड्याची भिंत पाझरत होती. विहिरीत जंतू गेले, पटकी पसरली. सहाशेच्या वर माणसे दगावली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर विचारपूस करून विहिरीचा दोष शोधला.

‘मग शोषखड्डा खणला की झालं!’ असे कोणी म्हणेल. जरा थांबा. माती पाणी गाळते हे खरे. मातीतले बारीक जीव घाण खातात, हेही खरे. पण खड्ड्याच्या तळाखाली सहा फूट तरी कोरडी माती हवी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले. गावाचे नाव झाले. पण तिथला पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडे शंभर इंचांहून जास्त पडतो. फाल्गुनात चांगला चाललेला खड्डा आषाढात खालून पाण्याने भरतो. मग पाणी गाळणार कोण? घाण तशीच विहिरीकडे निघते. कातळाला भेगा असल्या तर लवकरच पोचते.

म्हणून खड्डा विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब हवा, उताराच्या खालच्या अंगाला. फार खोल नको. पावसाळ्यात तळाशी पाणी दिसले तर ती जागा सोडा. तोंडाशी भोके पाडलेले मडके ठेवा, त्यात काथ्या घाला. तेल, खरकटे तिथे अडकते. काथ्या बदलत राहा, नाहीतर खड्डा तुंबतो. संडासाचे पाणी यात सोडू नका. त्याचे खड्डे वेगळे.

आम्हांला विचाराल तर खड्ड्यापेक्षा परस बरा. केळ, कर्दळ, अळू या पाण्यावर छान येतात. अळू आपण शिजवून खातो, म्हणून चालते. कोथिंबीर, मुळा, काकडी कच्ची खातो, त्यांना हे पाणी नको. पाणी त्याच दिवशी घाला, साठले की डास होतात. साबणाचा सोडा मातीत साचतो, तेव्हा रोज एकाच झाडाला घालू नका.

कारखान्याचे पाणी निराळे. खोपोलीला 1915 साली टाटांचे वीजघर सुरू झाले. तिथून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते. पुढे नदीकाठी कारखाने आले. 2018 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित नद्यांची यादी केली. तीत पाताळगंगेचे नाव होते. उकळल्याने जंतू मरतात, रसायन मात्र तसेच राहते. ते अळवाला घालून जिरवायचे पाणी नव्हे. 1974 च्या कायद्याने ते कारखान्यानेच शुद्ध करायचे आहे. नदीला फेस आला, मासे मेले, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करा. जागा, तारीख, वेळ लिहा. खाली सही करा, अंगठा नको.