वाचकांचे प्रश्न : लाउंजचं सोडा, बिलाचं बोला

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत. नोकरीला चौदा वर्षं झाली. आतापर्यंत ते खडकीला होते, म्हणून मी मुलांना घेऊन माळेगावलाच सासूबाईंजवळ राहिले. आता त्यांची बदली जम्मूला झाली आणि ते पुढे हजरही झाले. फॅमिली क्वार्टर मिळालंय. परीक्षा संपल्या की मी मुलांना घेऊन निघणार. मोठी नऊ वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. मी विमानात कधी बसलेली नाही. पुणे-दिल्ली-जम्मू असं तिकीट बघितलंय, पण दिल्लीला पाच तास थांबायचं आहे. फौजींच्या फॅमिलीला विमानतळावरचा लाउंज फुकट असतो का? बारामतीत एक क्रेडिट कार्डवाला वर्षाला तीन हजार भरा, लाउंज फुकट, असं सांगतो. कार्ड घेऊ का? की कारखान्यावरच्या ओळखीच्या एका साहेबांकडून विमानतळावर फोन करायला लावू? शेजारचे सीआरपीएफमध्ये आहेत, ते म्हणतात जम्मूला सरकार विमानानं नेतं. ते खरं आहे का? नसेल तरी चालेल, कारण आमचा पॅकर्सवाला चांगला आहे. सामान चौतीस हजारांत पोचवतो आणि बिल साठ हजारांचं देतो. विमानाचं त्यातून भागेल. मिस्टरांना अजून सांगितलं नाही, बिल हातात आलं की पाठवते.
– एक भगिनी, माळेगाव बुद्रुक

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि पाचवी गोष्ट नुसती सांगून टाकलीत. विचारायला हवी होती ती पाचवीच. आधी चार पटकन संपवतो.

जवानाच्या कुटुंबाला प्रत्येक विमानतळावर लाउंज मिळालाच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. अमेरिकेत यूएसओ नावाची संस्था 1941 पासून आहे, विमानतळांवर ती सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी बसण्याची सोय करते. आपल्याकडे सैनिकाच्या प्रवासाची व्यवस्था रेल्वेभोवती उभी राहिली. पुणे स्टेशनवर एमसीओ, म्हणजे मूव्हमेंट कंट्रोल ऑफिस आहे, गाड्यांत मिलिटरी कोटा आहे.

क्रेडिट कार्ड घेऊ नका. पाच तासांच्या खुर्चीसाठी आयुष्यभराचं उधारखातं कोणी उघडत नाही. अनेक बँकांनी लाउंजला आदल्या तिमाहीतल्या खर्चाची अट घातली आहे. आयसीआयसीआय बँकेनं 1 एप्रिल 2024 ला बऱ्याच कार्डांना 35,000 रुपयांची घातली होती. शिवाय मुलांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. बिल थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला बेचाळीसच्या घरात. मिस्टरांच्या पगारखात्याच्या डेबिट कार्डावर लाउंज आहे का ते बघा, पण ती सोय ज्याच्या नावाचं कार्ड त्यालाच असते.

ओळखीच्या साहेबांचा फोन नको. विमानतळ म्हणजे कारखान्याचं गेस्टहाउस नव्हे.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2019 मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर निमलष्करी दलांच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर मार्गांवर विमानाची परवानगी मिळाली. ती त्या दलांची आणि जवानाच्या स्वतःच्या प्रवासाची. तुमचे मिस्टर सैन्यात आहेत, आणि प्रवास तुमचा आहे. हवालदाराचा वेतन स्तर 5, त्या स्तराला हक्क रेल्वेच्या थ्री-टिअर एसीचा. विमानानं गेलात तर परतावा साधारणपणे त्या भाड्यापुरताच. वरचा फरक तुमच्या पदरचा.

आता तुमच्या पत्रातली खरी धास्ती. दोन लहान मुलं, पहिलंच विमान, दिल्लीसारखा विमानतळ आणि बरोबर कोणी नाही. लाउंज मिळाला तर आपण चुकणार नाही, असं तुम्हाला वाटतंय. त्याला तीन गोष्टी पुरतात. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या, म्हणजे मोठ्या बॅगा सहसा थेट जम्मूला निघतात आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय लावणं कंपनीवर येतं. दिल्लीत टर्मिनल बदलावं लागणार नाही असं तिकीट निवडा, टर्मिनल एक आणि तीन एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत. पुण्यातच काउंटरवर सांगा, पहिल्यांदा जातेय, मुलं लहान आहेत, मदतनीस द्या. त्यात कमीपणा नाही. सैन्यदलाच्या सवलतीचं तिकीट काढलंत तर डिपेंडंट कार्ड हातात ठेवा. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही आणि लाल तिखट केबिन बॅगेत. दोन्ही सामानाच्या गाडीतून पाठवा.

आणि लाउंजचं म्हणून कुठलंही ॲप उतरवू नका. 2024 मध्ये 'लाउंज पास' नावाचं बनावट ॲप निघालं होतं. बेंगळुरू विमानतळावर एका बाईंनी ते घेतलं आणि त्यांच्या कार्डावरून सत्त्याऐंशी हजार गेले. ॲप फोनवरचे मेसेज, म्हणजे ओटीपी, परस्पर पुढे पाठवत होतं. असं काही झालंच तर 1930 वर लगेच फोन करा, घरी पोचायची वाट बघू नका.

आता पाचवी गोष्ट. चौतीस हजारांच्या कामाचं साठ हजारांचं बिल.

पॅकर्सवाल्यानं साठचाच आकडा का काढला ते समजून घ्या. केंद्र सरकारच्या 2017 च्या आदेशाप्रमाणे स्तर 5 ला बदलीवर 3,000 किलोपर्यंत सामान नेता येतं, रस्त्यानं किलोमीटरला 25 रुपयांपर्यंत. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की हा दर 25 टक्क्यांनी वाढतो. तो टप्पा जानेवारी 2024 मध्ये आला, म्हणजे सव्वाएकतीस रुपये. पुणे ते जम्मू साधारण 2,000 किलोमीटर धरा : 62,500. हा हिशोब पॅकर्सवाल्याला तुमच्यापेक्षा चांगला पाठ आहे. म्हणून त्यानं मर्यादेच्या जरा खाली बिल बसवलं. पण 62,500 ही वरची मर्यादा आहे, तुमची रक्कम नव्हे. प्रत्यक्ष खर्च किंवा मर्यादा, यांतलं जे कमी तेच मिळतं. चौतीस झाले तर चौतीस. वरचे सव्वीस हजार तुमचे कधीच नव्हते.

'सगळेच करतात' हे मला सांगू नका. माझ्यासमोर जी माणसं रडली, ती सगळी हेच वाक्य बोलून रडली. आणि एकालाही स्वतःच्या बिलातल्या चुकीनं पकडलेलं नव्हतं. बिलं विकणारा पकडला जातो. त्याच्याकडे वही असते, कोणाला कितीचं बिल दिलं त्याची. तुमचं बिल एकटं नसतं, ते दोनशे बिलांच्या माळेत ओवलेलं असतं. मग जीएसटी क्रमांक तपासला की तो रद्द झालेला निघतो. बिल्टीवरचा, म्हणजे मालाच्या पावतीवरचा, गाडीचा नंबर तपासला की कधी ट्रकऐवजी दुचाकी निघते. बिहारच्या चारा घोटाळ्यात नेमकं हेच झालं होतं, ट्रक म्हणून दाखवलेले काही नंबर स्कूटरचे होते. आता तर टोलनाक्याची नोंदही फास्टॅगमध्ये राहते.

बिलाखाली सही तुमची नसते, मिस्टरांची असते. आणि ते साधे नोकरदार नाहीत. सैन्य कायदा 1950 च्या कलम 57 मध्ये खोट्या निवेदनानं भत्ता मिळवणं हाही गुन्हा आहे. त्याची शिक्षा कोर्ट मार्शलमध्ये चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. प्रत्येकाला तुरुंग होतो असं नाही. पण बडतर्फी झाली तर पेन्शन जातं. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात आणि तुमच्या मिस्टरांची चौदा झाली आहेत. आता तुम्हीच सव्वीस हजारांना जन्मभराच्या पेन्शनशेजारी मांडून बघा. आणि वर्ष उलटलं की सुटलो, असंही नाही. खटल्याची तीन वर्षांची मुदत गुन्हा सक्षम अधिकाऱ्याला कळल्यापासून मोजली जाऊ शकते. मोठ्यांनाही हे सुटलेलं नाही : राज्यसभेचे माजी खासदार अनिल सहनी यांना प्रवास न करता बनावट बोर्डिंग पास लावून भत्ता घेतल्याबद्दल 2022 मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं दोषी धरलं आणि त्यांची तेव्हाची आमदारकी गेली.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. खोटं बिल घेतलंत की तुम्ही पॅकर्सवाल्याच्या मुठीत जाता. गाडी वाटेत थांबवून त्यानं अजून पंधरा हजार मागितले, कपाट फुटलं, दोन खोकी गायब झाली, तर तक्रार कशावर करणार? रस्ते माल वाहतूक कायदा 2007 प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून 180 दिवसांत द्यावी लागते, आणि किंमत वेगळी जाहीर केली नसेल तर भरपाई वाहतूकभाड्याच्या दहापटीपर्यंतच. या सगळ्याला आधार बिल आणि बिल्टी. ग्राहक आयोगात तुम्ही साठ हजारांचं बिल दाखवाल आणि बँकेचा उतारा चौतीस हजार दाखवेल. त्या क्षणी तक्रारदार तुम्ही राहत नाही. बिलवाल्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर तो इतका गोड बोलतो.

मग विमानाचा फरक कुठून आणायचा? मिस्टरांना सीटीजीबद्दल, म्हणजे कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँटबद्दल विचारा. हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. 20 किलोमीटरपेक्षा लांबच्या बदलीला मूळ वेतनाच्या 80 टक्के एकरकमी अनुदान मिळतं. मूळ वेतन 38,000 धरलं तर 30,400. त्याला एकही पावती लागत नाही. घर हलवताना होणाऱ्या अशाच खर्चासाठी ते आहे. त्यातून विमानानं जा, दिल्लीत मुलांना खाऊ घाला, पैसे देऊन लाउंजमध्ये बसा, कोणी विचारणार नाही. दोन लहान मुलांना घेऊन विमानानं जाणं ही चैन नव्हे. ते पैसे आणखी कशाला लागणार असतील तर झेलम एक्स्प्रेस दौंडवरून जाते. दोन रात्रींचा प्रवास आहे, हक्काच्या भाड्यात बसतो आणि मिस्टर युनिटमार्फत मिलिटरी कोट्यासाठी अर्ज करू शकतात.

क्रम असा ठेवा. आज रात्रीच मिस्टरांना सगळं सांगा, बिल हातात येण्याआधी. सीटीजी आणि प्रवासाचा ॲडव्हान्स कधी मिळेल ते त्यांनी युनिटच्या क्लार्कला विचारावं. पॅकर्सवाल्याला एवढंच सांगा : चौतीसचं काम, चौतीसचं बिल, पैसे बँकेतून, बिल्टीवर गाडीचा खरा नंबर आणि सामानाची यादी. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. यावर त्यानं कुरकुर केली किंवा दर वाढवला, तर दुसरा शोधा. प्रवास संपला की 60 दिवसांत दावा दाखल करा, उशिरा गेलेला खरा दावासुद्धा अडकतो.

हे वाचणाऱ्या इतर कोणी असं बिल आधीच लावलं असेल, तर ऑडिटच्या पत्राची वाट पाहू नका. जाणकार वकिलाला भेटा, दावा लेखी दुरुस्त करा आणि जादा रक्कम एमआरओनं, म्हणजे सैन्याच्या खात्यात पैसे भरायच्या चलनानं भरा. विचारणा होण्याआधी परत केलेले पैसे आणि विचारणेनंतर परत केलेले पैसे यांची किंमत कोर्टात एक नसते.