शिवणीतली माया आणि एफाभर पीठ

(आगमनकाळातील महिला सभा व कौटुंबिक उपासना यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:२०-२८ व २:१८-२१, मत्तय १३:३३, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२

दिल्लीत कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणाऱ्या एका प्रशस्त रस्त्याला पूर्वी कर्झन रोड म्हणत. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. २०१३ साली या मार्गावर नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाले आणि मराठी माणसाची तेथे वर्दळ वाढली. ज्या माउलीचे नाव या मार्गाला आहे, तिचा देहान्त २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आपल्या महाराष्ट्रात, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, बंदिवासात झाला. अंत्यसंस्काराच्या वेळी कस्तुरबांच्या देहावर जी साडी होती, ती गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची होती. बाजाराच्या हिशेबाने ते एक साधे खादीचे वस्त्र. परंतु ज्या हातांनी ते सूत कातले, त्या हातांनी आपल्या आयुष्यातील कितीतरी तास त्या धाग्यात घातले होते. त्या तासांची किंमत कोणत्या दुकानात होणार?

नाताळ जवळ आला की हाच प्रश्न आपल्या घराघरांत निराळ्या रूपाने उभा राहतो. नोकरीनिमित्त दिल्लीसारख्या दूरच्या शहरी राहणाऱ्या मुलाकडे आई नगरहून, कोल्हापूरहून किंवा नागपुरातून एक गाठोडे पाठवते. त्यात नातवासाठी विणलेला स्वेटर असतो, करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा असतो, कधी घरी भाजलेला केक असतो. मुलगा फोनवर म्हणतो, “आई, इथे सगळं विकत मिळतं. कशाला डोळे शिणवतेस?” त्याचे म्हणणे खोटे नाही. मग आईने सुई खाली ठेवावी काय? या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रात शोधू या.

१. हन्नाचा लहानसा झगा

हन्नाची कथा आपणांस ठाऊक आहे. अनेक वर्षांच्या अश्रूंनंतर लाभलेला पुत्र तिने नवसाप्रमाणे परमेश्वराला दिला आणि दूध तुटलेल्या त्या बालकाला शिलो येथे एली याजकापाशी ठेवून ती रामा गावी परतली. पुढे शास्त्र एक छोटीशी गोष्ट सांगते : ती दरवर्षी शमुवेलासाठी एक लहानसा झगा करी आणि वार्षिक यज्ञासाठी पतीबरोबर जाताना तो त्याच्यासाठी नेई (१ शमुवेल २:१९).

या एका वचनापाशी क्षणभर थांबू या. झगा घरी तयार होत असे. मुलगा मात्र शिलोत होता. माप घ्यायला तो जवळ नव्हता. गेल्या वर्षी तो आपल्या कमरेपर्यंत येत होता, तर यंदा किती उंच झाला असेल? खांदे किती रुंदावले असतील? हे सर्व त्या मातेला मनाशीच ठरवावे लागले असेल. वर्षभर मुलाला डोळ्यांपुढे आणल्याखेरीज, तो वाढतो आहे असा विश्वास धरल्याखेरीज, हे माप निघणे शक्य नव्हते. म्हणून हा झगा केवळ वस्त्र नव्हे. ती टाक्याटाक्याने केलेली प्रार्थना होय.

शिवण जाणणाऱ्या भगिनींना ‘माया’ या शब्दाचा एक खास अर्थ ठाऊक आहे. कापड बेतताना शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचे कापड सोडतो, त्याला आपण माया म्हणतो. ती बाहेरून दिसत नाही. पण मूल वाढले की शिवण उसवून तोच कपडा सैल करता येतो. आपल्या भाषेने प्रीतीला आणि शिवणीत राखलेल्या कापडाला एकच शब्द दिला आहे, आणि हे आपल्या पाठाचे सार आहे. ज्याच्यासाठी करावयाचे त्याच्या वाढीला जागा ठेवणे, ही माया. हन्नाने शिवणीत किती कापड सोडले हे शास्त्र सांगत नाही. पण तिच्या अंतःकरणातील माया दरवर्षीच्या नव्या मापातून दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या लहानशा झग्यासाठी मूळ इब्री भाषेत ‘मईल’ हा शब्द आहे. महायाजक अहरोन याच्या झग्यालाही हाच शब्द वापरला आहे (निर्गम २८:३१). आणि एन-दोर येथे वृद्ध शमुवेलाचे वर्णन करताना त्या स्त्रीने झगा पांघरलेला म्हातारा असे सांगितले, तेथेही तोच शब्द येतो; त्यावरूनच शौलाने शमुवेलाला ओळखले (१ शमुवेल २८:१४). आईने ज्या वस्त्राची सवय बालपणी लावली, तेच पुढे संदेष्ट्याची ओळख होऊन बसले.

२. एफाभर पीठ

हन्नाच्या हातातील दुसरी वस्तू आपण बहुधा विसरतो. शमुवेलाला शिलोस नेताना तिने बरोबर एक एफा पीठ घेतले होते (१ शमुवेल १:२४). एक एफा म्हणजे सुमारे २२ लिटर. काही अभ्यासक याहूनही अधिक मानतात. हे एका कुटुंबाच्या जेवणाचे माप नव्हे. त्यातून कितीतरी लोकांना पुरतील इतक्या भाकरी होतील.

या मापाचा धागा शास्त्रात पुढेमागे सापडतो. एका एफात तीन ‘सआ’ होत. अब्राहामाच्या तंबूपाशी तीन पाहुणे आले तेव्हा सारेने तीन सआ सपीठ मळले (उत्पत्ती १८:६). आणि प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याचा दाखला दिला, तेव्हा त्यातील स्त्रीने खमीर लपवले तेही तीन मापे पिठातच (मत्तय १३:३३). प्रभूने पीठ मळणाऱ्या एका गृहिणीच्या हातांत देवराज्याचे चित्र पाहिले. आणि तिच्या परातीतील पीठ घरापुरते नव्हते, गावाला पुरेल इतके होते. शिवणीत जशी माया, तशी पिठात ही भरपूर मोजणी. जास्तीचे जे आहे, तेच प्रीतीचे आहे.

येथे कोणी म्हणेल, “आमच्या घरी एफाभर पीठ कोठले?” सारफथ येथील विधवेपाशी तर मूठभरच पीठ होते. तिला एलीयाने सांगितले की, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर, मग तुझ्यासाठी व मुलासाठी कर (१ राजे १७:१३). तिचे पीठ थोडे होते. तरी पहिली भाकर परक्याला गेली, आणि मडक्यातील पीठ सरले नाही. म्हणून मोठे माप म्हणजे मोठी परात नव्हे. पहिला घाणा कोणासाठी, यावर ते माप ठरते.

३. टबीथेची वस्त्रे

यापो येथील टबीथा अर्थात दुर्कस हिला नव्या करारात ‘शिष्या’ म्हटले आहे. ग्रीक भाषेतील या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप संपूर्ण नव्या करारात केवळ तिच्याच बाबतीत आले आहे. तिने उपदेश केल्याचे लिहिलेले नाही. तिची सुई हीच तिची साक्ष होती. ती मरण पावली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखविली. ‘दाखविली’ या क्रियापदाच्या ग्रीक रूपावरून काही अभ्यासक असे मानतात की, ती वस्त्रे त्या विधवांच्या अंगावरच होती. कोणासाठी काय शिवले, याची नोंद टबीथेने कोठे ठेवली नसेल. पण जिच्या अंगावर जे वस्त्र होते, तीच त्याची नोंद होती.

पुढील काळात इंग्लंड-अमेरिकेतील मंडळ्यांत गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या स्त्रियांच्या मंडळांना ‘डॉर्कस सोसायटी’ हे नाव मिळाले ते याच शिष्येवरून. आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना व परित्यक्ता स्त्रियांना अक्षरओळखीबरोबर शिवण, विणकाम, छपाई असे हातचे उद्योग शिकवले. रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी पवित्र शास्त्र तेथल्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ज्या हातांना समाजाने निरुपयोगी ठरवले होते, त्या हातांत त्यांनी सुई दिली आणि खिळेही दिले. मुलगी आज कोठे आहे एवढेच न पाहता ती किती वाढू शकेल हे पाहिले. हीही मायाच.

हस्तकौशल्य ही केवळ स्त्रियांची बाब आहे असेही कोणी समजू नये. निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलाला आपल्या आत्म्याने भरले, आणि त्याला व अहलियाबाला विणकाम व कशिदा करण्याचे ज्ञान दिले (निर्गम ३५:३०-३५). प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत असे. घरातील मुलग्यांनाही बटण लावणे आणि पीठ मळणे शिकवावे.

४. यंदाच्या नाताळात काय करावे?

शास्त्राचा अभ्यास हातांत उतरला नाही तर तो अपुरा राहतो. म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवितो.

वाढता कपडा : लहान मुलीचा झगा शिवताना खालच्या घेराला दोन इंच दुमड ठेवावी व ती हातशिलाईने घालावी, म्हणजे पुढील वर्षी सहज उसवता येते. बाजूच्या शिवणींत एकेक इंच माया सोडावी. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते. तिच्यावर साखळी टाक्याची किंवा गाठीच्या टाक्याची एक ओळ भरली की तीच नक्षी होते. स्वेटरची बाही खांद्याकडून मनगटाकडे विणावी. मग पुढील हिवाळ्यात मनगटाचे बंद केलेले टाके सोडवून आणखी काही ओळी वाढवता येतात. त्यासाठी त्याच खरेदीतील थोडी लोकर राखून ठेवावी, कारण नंतर आणलेल्या लोकरीचा रंग बहुधा किंचित निराळा निघतो.

नानकटाई : दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण ते एक वाटी थिजलेले तूप, दोन मोठे चमचे बेसन, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड घ्यावी. तूप व साखर पांढरी व हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात चाळलेली पिठे घालून हलक्या हाताने गोळा करावा. फार मळू नये, नाहीतर खुसखुशीतपणा जातो. लिंबाहून लहान गोळे किंचित चपटे करून अंतरावर मांडावेत. ओव्हन असल्यास १६० ते १७० अंशांवर सुमारे २० मिनिटे भाजावे. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर जाडे मीठ किंवा वाळू पसरावी, त्यावर लहान तिवई ठेवून झाकण लावावे आणि दहा मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. खालची बाजू फिकट तांबूस झाली की काढावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते. निवल्यावर घट्ट होते, म्हणून अधिक भाजू नये. पूर्वी घरचे साहित्य घेऊन गल्लीतील बेकरीत जात आणि भट्टीवर भाजून आणत. दिवाळी, ईद व नाताळ या सर्व सणांना त्याच भट्टीपुढे शेजारी एकत्र उभे राहत. तो शेजार आपण जपावा : पहिला घाणा घराबाहेर जावा. मंडळीतील एकाकी वृद्ध, नुकतेच दुःख झालेले घर, किंवा ज्याच्याकडे कोणी येत नाही असा शेजारी यांपैकी कोणाचे तरी नाव आधी लिहावे, मगच पीठ मोजावे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. नाताळपूर्वी मंडळीत हस्तकलेच्या वस्तूंची विक्री होते. एखादी गरजू भगिनी क्रोशाचा रुमाल आणते. तिला दोऱ्याचे पैसे मिळतात, परंतु रात्री जागून घातलेल्या तासांचे मिळत नाहीत. ‘मंडळीचेच काम आहे’ म्हणून आपण किंमत पाडून मागतो. टबीथेने विधवांना दिले. त्यांच्याकडून स्वस्तात घेतले नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, ही प्रभूची शिकवण आहे (लूक १०:७). म्हणून किंमत ठरवितानाही माया सोडावी. तसेच, नोकरी व घर सांभाळून थकलेल्या ज्या भगिनीने केक विकत आणला, तिला कोणी कमी लेखू नये. तिने त्यातील पहिला तुकडा दुसऱ्याला दिला तर तीही हन्नाच्याच पंक्तीत बसते.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येऊ. तिने सुई खाली ठेवावी काय? डोळे चालतात तोवर ठेवू नये. दिल्लीच्या थंडीत नातवाला ऊब देणारे स्वेटर दुकानांत पुष्कळ आहेत. पण ‘तू यंदा एवढा वाढला असशील’ असे वर्षभर मनाशी मोजणारे दुकान नाही. आणि स्वेटर थोडा मोठा झाला, तर मुलाने तो चुकला असे समजू नये. त्यात माया आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. हन्नाने मुलाला देवास दिल्यावरही त्याच्यासाठी झगा करणे का सोडले नाही?
२. सारा, हन्ना आणि दाखल्यातील स्त्री यांच्या पिठाचे माप सारखेच आहे. यावरून आदरातिथ्याविषयी काय शिकता येते?
३. आपल्या मंडळीत आज टबीथेसारखी कोण आहे? आपण तिचे आभार कधी मानले?
४. यंदा आपल्या घरचा पहिला घाणा कोणाकडे जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, तू बाळ होऊन आलास तेव्हा मातेने तुला बाळंत्याने गुंडाळले. आमच्या हातांच्या लहान कामांना तुझ्या सेवेत स्थान दे. जे आमच्यापासून दूर आहेत, त्यांच्या वाढीसाठी आमच्या अंतःकरणात जागा ठेव. आमच्या शिवणीत माया आणि आमच्या परातीत शेजाऱ्याचा वाटा राहू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.