लहान रिसीव्हर आणि उंच स्पीकर यांची जोडणी

वरच्या इयत्तांत ओहमचा नियम शिकविला म्हणजे विद्यार्थी तो पाठ करितात, दोन-चार उदाहरणें सोडवितात, आणि परीक्षा संपली कीं नियम वहींतच राहतो. जॉर्ज ओहम यानें 1827 सालीं प्रसिद्ध केलेला हा नियम घरखर्चाच्या एका प्रश्नांत किती उपयोगीं पडतो, हें येथें दाखवावयाचें आहे.

आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी नोकरीस लागल्यावर घरीं चित्रपट पाहण्यासाठीं व संगीत ऐकण्यासाठीं रिसीव्हर घेतात. पैसा बेताचा, म्हणून यंत्रहि बेताचेंच. दर वाहिनीस सुमारें 50 वॅट देणारें. पुढें जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्यावे असें मनांत येतें. त्यांच्या पाठीवर '200 वॅट' असा आंकडा असतो. तो पाहून कोणी जाणता म्हणतो, "तुमचा रिसीव्हर यांना पुरावयाचा नाहीं, मोठा घ्या." आणि सहा महिन्यांची शिल्लक एका वाक्यानें खर्ची पडते. अशा उंच स्पीकरांस टॉवर, म्हणजे बुरूज, म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानांतील बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. आपणहि तेंच करूं.

पहिली गोष्ट ही कीं, स्पीकर शक्ति उत्पन्न करीत नाहीं, सोसतो. 200 वॅट ही त्याच्या सोसण्याची मर्यादा होय, भूक नव्हे. गाडीवर वीस मण भार चालतो म्हणून रोज वीस मणच लादला पाहिजे असें कोणताहि गाडीवान म्हणणार नाहीं. गाडीवान आंसास वंगण आहे कीं नाहीं तें पाहतो. स्पीकरच्या बाबतींत हें वंगण म्हणजे त्याची संवेदनक्षमता. 2.83 व्होल्टांचा दाब दिला असतां एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तो हा आंकडा. (डेसिबल हें नांव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यावरून पडलें. टेलिफोनचा हा जनक बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता, हें आम्हां शिक्षकांस विशेष आवडतें.)

डेसिबलाचें गणित थोडें चमत्कारिक आहे. शक्ति दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो. कानास दुप्पट वाटावा, तर शक्ति सुमारें दसपट हवी. म्हणून 50 वॅटांच्या ठिकाणीं 100 वॅटांचें यंत्र घेणाऱ्यास पैसे पुष्कळ व फरक अल्प असा अनुभव येतो. उलट एक स्पीकर 87 डेसिबलांचा व दुसरा 93 डेसिबलांचा असेल, तर सहा डेसिबलांचें अंतर म्हणजे चौपट शक्ति! पहिल्यास 50 वॅट देऊन जो आवाज मिळतो, तो दुसऱ्यास साडेबारा वॅटांत मिळतो. ऐकणारा तीन मीटर दूर बसला तर मोकळ्या मैदानांत साडेनऊ डेसिबल कमी होतात; खोलींत भिंतींच्या परावर्तनामुळें इतके होत नाहींत. एवढें वजा करूनहि साध्या संभाषणास एक वॅट पुरतो. बाकीची शक्ति ढगांचा गडगडाट, ढोल, अशा क्षणिक उसळ्यांसाठीं राखून असते.

संवेदनक्षमता फुकट मिळत नाहीं. लहान पेटी, खोल खर्ज व मोठा आवाज, या तिहींपैकीं दोनच साधतात. हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवानें हा नियम ओळखला जातो. उंच स्पीकरची पेटी मोठी असते, तेव्हां त्यास येथें स्वाभाविकच लाभ आहे. पॉल क्लिप्श यानें 1946 सालीं विक्रीस काढलेला कोपऱ्यांत बसणारा कर्ण्याचा स्पीकर तर कपाटाएवढा होता. म्हणूनच त्या काळचीं थोड्या वॅटांचीं यंत्रें त्यास पुरून उरत.

आतां ओहमकडे वळूं. रिसीव्हर 20 व्होल्ट देत असतां आठ ओहमच्या स्पीकरांतून अडीच अँपियर प्रवाह जातो. शक्ति 50 वॅट. रोध चार ओहम असेल तर प्रवाह पांच अँपियर व मागणी 100 वॅट. टाकीस मोठें भोक पाडावें, तसा हा प्रकार. लहान रिसीव्हर येथेंच तापतो व मध्येंच बंद पडतो. शिवाय 2.83 व्होल्टांवर आठ ओहमचा स्पीकर एक वॅट घेतो, चार ओहमचा दोन. म्हणून दुसऱ्याच्या आंकड्यांतून तीन डेसिबल वजा करूनच तुलना करावी. ही लबाडी नव्हे, पण ग्राहकास ती सांगितली जात नाहीं. आणखी असें कीं, छापलेला रोध नाममात्र असतो. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध कोणत्याहि स्वरास 6.4 ओहमांखालीं जाऊं नये असा आंतरराष्ट्रीय दंडक असला तरी पुष्कळ स्पीकर तो पाळीत नाहींत. कमींत कमी रोध किती, हें विचारून घ्यावें.

रिसीव्हरच्या आंकड्यावरहि डोळे मिटून विश्वास नको. तो बहुधा एक-दोन वाहिन्या चालवून काढलेला असतो. पांच-सातहि चालल्या कीं एकाच विद्युत्पुरवठ्यांत सर्वांचा वांटा. शक्ति संपली असतां आवाज वाढविला तर लाटांचे माथे छाटले जातात व त्यांतून निघालेले उंच स्वर बारीक स्वरांच्या नाजूक स्पीकरास जाळूं शकतात. म्हणजे अशक्त यंत्र रेटण्यांतहि धोका आहेच.

स्वस्त उपाय एक आहे. खर्जास फार शक्ति लागते; स्वर एक सप्तक खालीं उतरला कीं तितक्याच आवाजासाठीं पडद्यास चौपट हालावें लागतें. म्हणून स्वतःची शक्ति बाळगणारा सबवूफर जोडावा आणि 80 हर्ट्झखालचे स्वर त्याजकडे सोंपवावे. रिसीव्हरचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

दुकानांत अर्धा तास वाजवून पाहण्याची मुभा मागावी, आणि आपला रिसीव्हर बरोबर नेतां आला तर उत्तमच. घरीं त्याच्या वर व बाजूंस वारा खेळता ठेवावा. आमच्या घरांतून अशा यंत्रांवर हातानें विणलेलें आच्छादन घालण्याची चाल आहे. तें यंत्र चालू असतां काढून ठेवावें.