सुरू होतो, पण भार पेलतो का?

गेवराई तालुक्यातलं उमापूर. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की तारेवर फांदी पडायला वेळ लागत नाही, आणि आरोग्य केंद्रात कळा देणारी बाई लाईट येईपर्यंत थांबू शकत नाही. तिथली नवी सिस्टर आणि जनरेटरच्या कामात केस पांढरे झालेले मिस्त्री यांच्यात व्हावा, असा हा कल्पित संवाद.

सिस्टर : काका, दर सोमवारी पाच मिनिटं जनरेटर चालवतो आम्ही. अजून काय करायचं?

मिस्त्री : त्या पाच मिनिटांत त्याच्यावर काय काय लावता?

सिस्टर : काहीच नाही. लाईट असते ना तेव्हा.

मिस्त्री : मग त्यातून एवढंच कळतं की आज बॅटरीनं स्टार्टर फिरवला. भार पेलेल का, ते कळत नाही. उलट, नेहमी रिकामं चालवलं की इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही. काजळी इंजेक्टरवर आणि सायलेन्सरमध्ये साचते. धुराड्यातून काळं, ओशट पाणी गळायला लागलं तर समजा, इंजिनाची ताकद उतरणीला लागली.

सिस्टर : मग भार किती द्यायचा?

मिस्त्री : अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा ३० मिनिटं, क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर चाचणी सांगितलीय. नियम तिकडचा असला तरी इंजिन सगळीकडे सारखंच. समजा १५ केव्हीएचा सेट आहे. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर झाले १२ किलोवॅट, त्याचे ३० टक्के म्हणजे ३.६. चार ट्यूब आणि दोन पंख्यांनी तेवढा भार होत नाही. ऑटोक्लेव्ह, वॉर्मर, पाण्याची मोटर लावा. पण एकेक करून, कारण मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते.

सिस्टर : आणि लाईट असताना ते जनरेटरवर घ्यायचं कसं?

मिस्त्री : केंद्राचा मेन स्विच खरोखर बंद करा. दिवसा, प्रसूती नसताना, डॉक्टरांना विचारून. एएमएफ पॅनेलनं, म्हणजे जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पेटीनं, लाईट गेल्याचं ओळखलं का, चेंजओव्हर होऊन भार जनरेटरवर गेला का, प्रसूतिगृहातले प्लग जनरेटरच्या लाइनवर आहेत का, हे तेव्हाच कळतं. किती सेकंदांत उजेड आला तेही लिहा. आणि चेंजओव्हर टाळून थेट वायर कधीच जोडू देऊ नका. वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावरचा वायरमन जिवानिशी जातो.

सिस्टर : लसींच्या फ्रिजला, म्हणजे आयएलआरला, २४ तासांत ८ तास सलग वीज मिळाली तरी आतल्या बर्फामुळं २ ते ८ अंश तापमान टिकतं, असं आम्हाला शिकवलंय. मग डिझेल कमी असेल तर आधी काय चालवायचं?

मिस्त्री : तुमच्या बोलण्यातच उत्तर आहे. वॉर्मरखालचं बाळ, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि प्रसूतीच्या टेबलावरचा दिवा हे आधी. झाकण न उघडता आयएलआर थोडा थांबू शकतो. हा क्रम पॅनेलवर लिहून चिकटवा, रात्रपाळीत नवीन माणूस असला तरी अडायला नको.

सिस्टर : ऐन वेळी सुरूच झाला नाही तर?

मिस्त्री : बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी एरवी साधारण १२.६ दाखवते, पण स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडलं तर ती बदलायला झालीय. टर्मिनलवरचा क्षार साफ करा, डिस्टिल्ड वॉटर बघा. ऑइल, कूलंट, पट्टा दर आठवड्याला तपासा. इकडच्या धुळीत एअर फिल्टर लवकर चोंदतो. टाकी रिकामी राहिली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन डिझेलच्या तळाशी बसतं; ते काढून टाका. वापर कमी म्हणून सर्व्हिसचे तास भरले नाहीत, तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलाच.

सिस्टर : मोठ्या दवाखान्यांना ही चिंता नसेल.

मिस्त्री : असते. १२ ऑक्टोबर २०२० ला, ऐन कोविडात, मुंबईची वीज गेली. दवाखाने जनरेटरवर आले, आणि पालिका आयुक्तांनी निदान आठ तासांचं डिझेल हाताशी ठेवायला सांगितलं. त्याच संध्याकाळी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरलाच आग लागली. सुमारे ४० रुग्ण हलवावे लागले. २०१२ साली सॅन्डी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात पुराचं पाणी तळघरात शिरलं, जनरेटरचीही वीज गेली आणि ३०० हून अधिक रुग्णांना बाहेर काढावं लागलं. म्हणून यंत्र कुठं बसवलंय, पाणी कुठून येईल, तासन्‌तास चाललं तर किती तापेल, हेही बघायचं. मघाच्या एनएफपीए मानकात तीन वर्षांतून एकदा सलग चार तासांची चाचणी आहे. अर्ध्या तासात न दिसणारी गळती तेव्हा दिसते.

सिस्टर : आणि चाचणीत बंद पडला तर? वर काय कळवायचं?

मिस्त्री : जे झालं तेच. तारीख, भार, किती वेळ चालला, कशानं थांबला, सगळं लिहा आणि त्याच दिवशी कळवा. चाचणीत बंद पडला ही नामुष्की नाही. दोष सापडला, आणि तेव्हा टेबलावर कुणाची लेक नव्हती. वहीत नुसतं ‘ठीक’ लिहिलेलं असतं ना, त्याचीच मला जास्त भीती वाटते.