मामा, ऑइल बदलू का?

आकुर्डी,
दि. ११ जानेवारी २०२६

चि. छकुलीस,


तुझा मेसेज काल रात्री वाचला. उत्तर फोनवरच द्यायचं, पण उभा जन्म इंजिन शॉपमध्ये सिलिंडरच्या बोअरशी संसार केलेल्या माणसाला हे दोन ओळींत सांगता येत नाही. म्हणून कागद घेतला.

गाडी तू दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला आणलीस. तीन महिन्यांत जेमतेम नऊशे किलोमीटर झाले. पहिल्या फ्री सर्व्हिसला त्यांनी ऑइल बदललं नाही, नुसतं बघून सोडलं, याची तुला चुटपुट लागलीये. त्यात तुझ्या शेजारच्या टेबलावरचा तो जाणकार म्हणतो, कारखान्यातलं ऑइल आत्ताच काढ, त्यात लोखंडाचा चुरा असतो. आणि आपल्याकडचं ऊन बघता २०डब्ल्यू-५० टाक, चांगलं जाड.

दोन्ही नको. पण का नको ते कळून घे, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा जाणकार भेटेल.

चुऱ्याबद्दल तो खोटं बोलत नाहीये, तीस वर्षं उशिरा बोलतोय. आमच्या उमेदीच्या काळात पहिलं ऑइल पाचशे-हजार किलोमीटरला काढायचो आणि ट्रेमधल्या तेलात खरोखर चमक दिसायची. ती कुठून यायची? ब्लॉकचं बोअरिंग झालं की तो होनिंग मशिनवर येतो. होनिंगचे दगड फिरता फिरता वर-खाली जातात आणि बोअरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा सोडतात. बॅटरीच्या उजेडात ती जाळी दिसते. रेघा बरोबर पडल्यात की नाही हे ओळखायला मला दोन वर्षं लागली. या रेघांनी तेल धरून ठेवायचं. नव्या रिंगा रेघांच्या कडांवर घासतात, कडा थोड्या झिजतात आणि रिंग-भिंतीचं एकमेकांशी जमतं. याला आम्ही ‘रिंगा बसल्या’ म्हणायचो. हल्ली प्लॅटो होनिंग करून ती टोकं कारखान्यातच छाटतात, त्यामुळे चुरा फार कमी. जो निघतो तो फिल्टर अडवतो. काही कंपन्या तर पुस्तकात स्पष्ट छापतात की पहिलं ऑइल मुदतीआधी काढू नका. तुझं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकसकट पडलं असेल. प्लॅस्टिक फाड आणि पुस्तक वाच.

आता खरी गोष्ट. रिंगेला भिंतीवर दाबतो तो जळलेल्या गॅसचा दाब. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. म्हणजे रिंगा बसवायचं काम तुझ्या उजव्या पायाचं. नवी नवरी म्हणून गाडी कायम गोंजारत चालवलीस तर दाबच येत नाही, भिंतीवर तेलाचा चकचकीत थर चढतो आणि इंजिन पुढे आयुष्यभर ऑइल खातं. पायाखाली चिरडलीस तरी वाईट. इंजिन तापू दे, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम जोर लाव, सोड, पुन्हा लाव. अजून पाचसहाशे किलोमीटर तरी एक्स्प्रेसवेला जाऊन तासभर एकाच वेगात धरू नकोस. तुझी टर्बो पेट्रोल आहे, म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हत कण्हत रेटायची नाहीच.

जाड ऑइलचं म्हणशील, तर बाहेर चाळीस डिग्री असो की दहा, तापलेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट नव्वदीच्या आसपासच ठेवतो. उन्हाचा हिशेब पुस्तक लिहिणाऱ्यांनी केलेला असतो. आजच्या इंजिनातल्या तेलाच्या वाटा अरुंद. तिथे सकाळी थंड, घट्ट तेल पोचायला वेळ लागतो, आणि झीज जास्त होते ती स्टार्टलाच. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा कमी तेवढं तेल थंडीत लवकर वर चढतं. सदा थंड इंजिनावर चालणाऱ्या तुझ्यासारखीला तोच आकडा महत्त्वाचा. पुस्तकात जो ग्रेड असेल तोच घे, आणि डब्यावर एपीआय एसपी बघ. ही श्रेणी २०२० मध्ये आली, टर्बो इंजिनात मंद वेगावर होणारा अवेळी भडका रोखण्याची चाचणी तिच्यात आहे. सिंथेटिकने रिंगा बसत नाहीत ही भीती सोड. कित्येक गाड्या कारखान्यातूनच ते पिऊन निघतात.

मला काळजी वेगळीच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांच्या फटीतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर उडून जातं. मोशीतल्या घरापासून बाळाच्या शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाऊन बंद केलंस, तर तिथेच राहतं, सोबत न जळालेलं पेट्रोलही. माझ्या पहिल्या गाडीच्या ऑइल कॅपखाली एकदा चक्क लोणी निघालं होतं, पिवळट, घट्ट. एका मेकॅनिकने हेड गॅस्केट गेलं म्हणून सांगितलं, हेड खोलायची तयारी झाली. तुझी मामी म्हणाली, कूलंट कमी झालंय का ते तरी बघा. झालं नव्हतं! नारायणगावला जाऊन आलो, लोणी गायब.

आणि चाकणला गाडी नेतेस तेव्हा? फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शाहिस्तेखानाला तिथे जवळपास दोन महिने झुंजवलं. तुला तळेगाव चौक झुंजवतो. मीटर हलत नाही, इंजिनाचे तास मात्र चालूच. म्हणून तुझ्यासारख्यांनी किलोमीटर बघूच नयेत, तारीख बघावी. दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलं असेल, तर तुझं वर्षच आधी भरणार. मी दर खंडेनवमीला बदलतो, मशिनची पूजा झाली की. पण यंदा तसं करू नकोस: अधिक ज्येष्ठ आहे, दसरा २० ऑक्टोबरला जातोय. सर्व्हिसचं वर्ष २ तारखेलाच संपतं आणि त्यांच्या कॉम्प्युटरला अधिक मास कळत नाही.

तोवर आठवड्यातून एकदा खेड, जमलं तर मंचरपर्यंत जाऊन ये, अर्धा-पाऊण तास सलग.

रविवारी येशील तेव्हा गाडी सपाटीवर लाव, दहा मिनिटं थांब, डिपस्टिक मी दाखवतो. पुसायला जुनं धोतर काढून ठेवलंय. बाळाला मात्र पांढरा फ्रॉक घालून आणू नकोस.

तुझा,
मामा