बोर्ड छापायला देण्याआधी : माप, मजकूर, मंजुरी



आपल्या कुंभिवलीच्या आजूबाजूला नजर टाका. खोपोली-खालापूरची दुकानं, कर्जतकडची फार्महाऊस, महडच्या वरदविनायकाला येणाऱ्या भाविकांसाठीच्या खानावळी, शिवाय गावोगावचे सप्ताह आणि वाढदिवस. बोर्ड सगळ्यांनाच लागतो. म्हणून गटातल्या एखादीला वाटतं, आपणही बोर्ड-बॅनरचं दुकान काढावं. जरूर काढा. पण सुरुवातीलाच कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घेऊ नका. एक संगणक, डिझाइन येणारी एक मुलगी आणि मोजपट्टी एवढ्यावर सुरू करा. छपाई शहरातल्या प्रेसमधून करून आणा. वर्षभर काम टिकलं तर मशीनचा विचार.

आता हिशोब बघू. समजा, ६ बाय ४ फुटांचा बोर्ड आहे, म्हणजे २४ चौरस फूट. प्रेसचा दर १२ रुपये धरला तर २८८ रुपये. गिऱ्हाइकाला २० रुपये दर लावला तर ४८० रुपये. जाण्यायेण्याचे ६० गेले की हातात १३२ उरतात. (दर तुमच्या भागातले घाला, रीत हीच.) आता मोबाइल नंबरातला एकच आकडा चुकला आणि चूक आपली निघाली, तर पुन्हा छपाई २८८ आणि पुन्हा भाडं ६०. म्हणजे नफा तर गेलाच, वर २१६ रुपये पदरचे गेले. पुढच्या दोन बोर्डांची कमाई ते भरून काढण्यात जाते. म्हणून तीन गोष्टी सोडू नका.

माप : जागेवर जाऊन स्वतः मोजा. फुटात की इंचात, ते कागदावर लिहा. फ्रेमवर ताणायचा असेल तर कडेला जास्तीचं कापड सोडायला सांगा. रोल ठराविक रुंदीचे असतात. साडेतीन फुटी बोर्ड चार फुटी रोलवर निघाला तर वाया गेलेल्या पट्टीचे पैसे कोण देणार, हे प्रेसला आधीच विचारा.

मजकूर : एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. साठ फुटांसाठी सहा इंची हवं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट पुढे जाते, म्हणून रस्त्यावरच्या बोर्डावर चारच शब्द ठेवा : काय मिळेल, कुठे वळायचं. फाइल प्रेसला देताना अक्षरं कर्व्ह करूनच द्या. नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात.

मंजुरी : छापण्याआधी नमुना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि गिऱ्हाइकाकडून ‘बरोबर आहे, छापा’ असं लिहून घ्या. तोंडी नको. सोबत निम्मे पैसे आगाऊ. ओळखीच्या माणसाकडूनही घ्या, कारण उधारी ओळखीतच थकते.

कायद्याच्या गोष्टीही ठाऊक हव्यात. दुकानाची पाटी देवनागरी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. गिऱ्हाइकाला हे सांगितलंत तर तेच तुमचं नवं काम. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. प्रेसच्या बिलावर जाडी लिहून घ्या. लोकसभा-विधानसभा निवडणुकीच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७क प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाईचं काम म्हणून हे विसरू नका.

बोर्ड लावण्याची परवानगी कोणी काढायची, तेही बिलावर लिहा. आपल्याकडचा पाऊस आणि वारा बघता रिंगा जवळजवळ मारून घ्या, कडा दुमडून पक्क्या करा.

पुढच्या बैठकीला मोजपट्टी घेऊन या. ग्रामपंचायतीसमोरचा एखादा बोर्ड मोजा, वरच्या रीतीने खर्च काढा आणि किती फुटांवरून वाचता येतो ते चालून बघा. जिचा हिशोब बरोबर येईल, तिने वही सांभाळावी.