मांजरांचे घशाचे व श्वसनाचे विकार : ओळख, शुश्रूषा आणि प्रतिबंध

कणगीतील धान्याचे व माडावरील कोवळ्या नारळांचे उंदरांपासून रक्षण करणारा प्राणी म्हणून मांजराला ग्रामीण घरात फार जुने स्थान आहे. तथापि गाय वा म्हैस आजारी पडली की पशुवैद्याकडे तातडीने निरोप जातो, मांजर मात्र शिंकू लागले तरी "होईल आपोआप बरे" या समजुतीने त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. शिवाय मांजर स्वभावतः आपले दुखणे लपविते. ते माळ्यावर किंवा अडगळीत जाऊन गप्प बसते आणि धाप स्पष्ट दिसू लागेपर्यंत रोग पुष्कळ बळावलेला असतो. म्हणून घशाच्या व श्वसनाच्या विकारांची प्रारंभीची चिन्हे प्रत्येक पालकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

निरोगी श्वासाची ओळख

मांजर स्वस्थ झोपले असता त्याच्या बरगड्यांची हालचाल घड्याळ लावून मिनिटभर मोजावी. छाती एकदा फुगून खाली बसली म्हणजे एक श्वास झाला. निरोगी मांजराचे विश्रांतीतील श्वास मिनिटाला साधारणतः २० ते ३० असतात. हा आकडा वारंवार ३० च्या वर आढळल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, ते त्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे; मांजराचे तसे नाही. विश्रांतीत असलेले मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, मान पुढे ताणून व कोपरे अंगापासून दूर ठेवून बसले असेल, किंवा त्याच्या हिरड्या निळसर, फिकट वा करड्या दिसत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला दवाखान्यात न्यावे.

सांसर्गिक सर्दी

मांजरांच्या श्वसनविकारांत सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे सांसर्गिक सर्दी. हिला मुख्यतः दोन विषाणू कारणीभूत असतात. एक हर्पीस गटातील व दुसरा कॅलिसी गटातील. शिंका, नाका-डोळ्यांतून प्रथम पाण्यासारखा व पुढे घट्ट स्राव, ताप, आवाज बसणे आणि अन्नावरील वासना उडणे ही तिची लक्षणे होत. कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर व टाळूवर व्रण पडतात. त्यामुळे मांजर भुकेले असूनही अन्नाला तोंड लावीत नाही व लाळ गाळते. लहान पिल्लांत हा रोग फुप्फुसांत उतरून प्राणघातक ठरू शकतो.

रोगी मांजराची शिंक, लाळ, समाईक ताटली व पालकाचे हात यांवाटे रोग पसरतो. हर्पीस विषाणू एकदा शरीरात शिरला की बहुधा जन्मभर सुप्तावस्थेत राहतो आणि बाळंतपण, स्थलांतर, दुसरा आजार अशा ताणाच्या प्रसंगी पुन्हा डोके वर काढतो. हे दोन्ही विषाणू माणसास बाधत नाहीत. तरीही रोगी मांजर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

खोकला आणि दमा

मांजर जमिनीलगत बसून, मान लांब करून वारंवार ठसकू लागले की घशात केस अडकले असावेत असा तर्क केला जातो. केसांचा गोळा असेल तर ओकारीनंतर तो बहुधा बाहेर पडतो. काहीही बाहेर न पडता असे झटके पुनःपुन्हा येत असतील व श्वास सोडताना शिटीसारखा आवाज होत असेल, तर दम्याची शंका घ्यावी. या विकारात श्वासनलिकांच्या शाखांना सूज येऊन त्या आकुंचन पावतात. चुलीचा धूर, डास पळविणाऱ्या कॉईलचा धूर, उदबत्ती, विडी-सिगारेट आणि धूळ यांमुळे झटका बळावतो. दमा समूळ नाहीसा होत नाही. परंतु पशुवैद्याने ठरवून दिलेल्या औषधांनी तो आटोक्यात राहतो व मांजर अनेक वर्षे सुखाने जगू शकते. हृदयविकारात छातीत पाणी साठूनही धाप लागते. अशा वेळी खोकला नसला तरी संकट टळले असे मानू नये.

घशातील काटा व दोरा

मासळी हे किनारपट्टीवरील मांजराचे नित्याचे खाद्य. मोठा काटा टाळूत वा घशात रुतला म्हणजे मांजर पंजाने तोंड खरवडते, लाळ गाळते व गिळताना कण्हते. सुई-दोरा गिळल्यास दोरा जिभेच्या मुळाशी अडकून बसतो. तो ओढून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दुसरे टोक आतड्यात गेलेले असल्यास आतडे कापले जाते. काटा पुढे ढकलण्यासाठी भाताचा गोळा कोंबणे किंवा तेल-तूप ओतणे हेही घातक होय. घशात ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांचा दाह होतो.

याच ठिकाणी एक गंभीर इशारा द्यावयास हवा. लाळ गळणे, गिळता न येणे आणि आवाज बदलणे ही रेबीजचीही लक्षणे असू शकतात. लस न टोचलेले, बाहेर भटकणारे किंवा अलीकडे कोणी चावलेले मांजर अशा अवस्थेत दिसले तर काटा पाहण्यासाठी त्याच्या तोंडात बोट घालू नये. मांजराने चावल्यास, ओरखडल्यास किंवा त्याची लाळ जखमेला लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. लक्षणे प्रकट झाल्यावर या रोगातून माणूस क्वचितच वाचतो.

माणसाची औषधे नकोत

मुलाला तापात दिलेली गोळी मांजराला देणे ही सद्‌हेतूने केली जाणारी मोठी चूक होय. पॅरासिटामॉलचे पचन करण्यास लागणारी व्यवस्था मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या तपकिरी पडतात व तोंड सुजते. अशी गोळी पोटात गेली असल्यास लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा; वेळीच दिलेला उतारा उपयोगी पडतो. कापूर वा निलगिरीयुक्त मलम अंगाला चोळल्यास मांजर ते चाटून घेते. तेही विषारीच.

घरची शुश्रूषा

डोळ्यांची चिपडे व नाकातील पापुद्रे कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने पुसावेत. न्हाणीघर गरम पाण्याच्या वाफेने भरून मांजराला तेथे १० ते १५ मिनिटे ठेवल्यास नाक मोकळे होते. उकळते भांडे त्याच्याजवळ ठेवू नये. नाक चोंदल्याने वास येत नाही व वास आला नाही तर मांजर खात नाही. म्हणून काटे काढलेली मासळी किंचित कोमट करून द्यावी. दोन दिवस अन्न न घेतलेल्या मांजराचे यकृत बिघडण्याचा धोका असतो, तेव्हा त्याहून अधिक थांबू नये. धाप लागलेल्या मांजराला पाणी पाजण्याचा आग्रह न धरता, छाती न दाबता, हवेशीर टोपलीतून शांतपणे न्यावे.

प्रतिबंध

पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाल्यावर सांसर्गिक सर्दीविरुद्धच्या लसीची पहिली मात्रा देता येते. ती ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते. या लसीने संसर्ग सर्वस्वी टळतो असे नाही, परंतु रोगाची तीव्रता पुष्कळ घटते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर टोचावी व पुढील मात्रा पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे द्याव्यात. नव्या मांजराला प्रथम दोन आठवडे वेगळे ठेवावे. कच्चे कोंबडीचे मांस किंवा मेलेले पक्षी त्यांना खाऊ देऊ नयेत. २०२५ च्या आरंभी मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरच्या मांजराचे श्वास मोजून वहीत नोंदविण्यास सांगितल्यास जीवशास्त्राचा एक पाठ घरीच गिरविला जाईल. मांजराला बोलता येत नाही. त्याच्या श्वासाकडे लक्ष देणारे एक माणूस घरात असले, तर त्याचे प्राण वाचतात आणि घरातील मुलाबाळांचेही रक्षण होते.